संडास कुठं तुंबलाय?

(माझगावातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. वक्ता गोदीत कामाला आहे, कविता लिहितो.)



पत्रकावर तुम्ही माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय. कविता नंतर ऐकवीन, वेळ उरला तर. आज मी संडासाबद्दल बोलणार आहे. हसा. हसून झालं की ऐका.

क्रांतीवर बोलणारे आपल्याकडं कमी नाहीत. पण सकाळी सात वाजता चाळीतला संडास भरून वर आला, की क्रांतीवाला आणि बिनक्रांतीवाला दोघंही एकच वाक्य बोलतात, 'अरे, कुणाला तरी बोलवा.' माझं आजचं सगळं बोलणं या 'कुणाला तरी'बद्दल आहे. हा कुणीतरी कोण? त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. त्याची जात मात्र सगळ्या बिल्डिंगला माहीत असते.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संडास तुंबला तर पहिल्यांदा कुठं तुंबलाय ते शोधा. जागा सापडली की काम बाहेरून, उभ्यानं, बांबूनं नाहीतर मशीननं होतं. जागा शोधायची तसदी कुणी घेत नाही, तेव्हा माणूस उतरवला जातो. म्हणजे माणूस मरतो तो आधी आपल्या आळसानं मरतो, मग गॅसनं. आणि हा आळस साधा नाही. हजारो वर्षं दुसरा कुणीतरी हे काम करतोय म्हणून तो आळस परवडलाय.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. प्लंबर नाही, इंजिनियर नाही. गोदीत माल चढवतो, उतरवतो. पण संडासाचं यंत्र फार अवघड नाही. ऐका.

आपण बसतो ते भांडं. भांड्याखाली वाकडा नळ, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वाकात दोनेक इंच पाणी कायम उभं राहतं. ते पाणी म्हणजे दार आहे. गटारातला वास, गॅस, झुरळं ते दार अडवतं. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं या वाकड्या नळाच्या संडासाचं पेटंट घेतलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला त्याची लाज वाटली नाही. आपल्याकडं शास्त्रं लिहिणाऱ्यांनी या घाणीवर काय शोध लावला? जात लावली.

ट्रॅपमधून मैला आडव्या पाइपात जातो. तिथून उभ्या पाइपात. जुन्या बिल्डिंगीत हा चार इंची बिडाचा पाइप असतो, भिंतीला बाहेरून चिकटलेला. हाच पाइप वर गच्चीच्या पुढं उघडा ठेवतात, त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी असते. ती हवेसाठी. खाली तो पाइप चेंबरात उतरतो. एका चेंबरातून दुसऱ्या चेंबरात, आणि शेवटी रस्त्यातल्या म्युनिसिपालिटीच्या गटारात. बस. भांडं, ट्रॅप, पाइप, चेंबर, गटार. या पाचातल्या कुठल्यातरी एका ठिकाणी अडलंय. कुठं, ते पाणी स्वतः सांगतं. त्याला विचारायचं कसं ते बघू.

पहिली परीक्षा बादलीची. अर्धी बादली पाणी जोरात भांड्यात ओता. झटकन खाली गेलं, पण टाकीची साखळी ओढल्यावर जात नसेल, तर पाइपाचा काही दोष नाही. टाकी कमी पाणी देतेय. तिच्यातला फुगा खाली बसलाय, वॉल्व्ह खराब आहे, नाहीतर बोअरिंगच्या आणि टँकरच्या क्षारानं भांड्याच्या काठाखालची भोकं बुजलीयत. टाकी दुरुस्त करा. इथं कुणाला बोलवायचं कारणच नाही.

बादलीचं पाणी वर चढलं आणि मग हळूहळू उतरलं, तर अडथळा आहे, पण अर्धवट आहे. आता दुसरी परीक्षा. शेजारचा संडास बघा, वरच्या मजल्याचा बघा. बाकीचे सगळे चालतात आणि हा एकच रडतोय? मग अडलंय ते त्याच्याच ट्रॅपात किंवा ट्रॅपाला लागून. रबरी पंप घ्या, भोकावर घट्ट बसवा, वरून पाणी राहू द्या, दहापंधरा वेळा दाबा आणि ओढा. ओढण्यात जास्त ताकद आहे, दाबण्यात नाही. तरी नाही हललं तर स्प्रिंगची तार मिळते, ती फिरवत आत घाला. फडकं, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, पोराचं खेळणं, काय ते आकड्याला लागून वर येतं.

तिसरी परीक्षा कानाची. साखळी ओढल्यावर मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, बुडबुडे येतात? म्हणजे पाइपाला हवा मिळत नाही. पाणी खाली जाताना हवा मागतं. वरून मिळाली नाही तर ती दुसऱ्या ट्रॅपातून ओढतं. त्या ट्रॅपातलं पाणी जातं, दार उघडं पडतं आणि घरभर वास सुटतो. अशा वेळी खाली बघू नका, गच्चीवर जा. टोपीत कबुतरानं घरटं केलेलं असतं. नाहीतर पावसाळी शेड घालताना कुणीतरी तो पाइप कापून बुजवून टाकलेला असतो. जुन्या बिल्डिंगीत पिंपळ असतो. बिडाच्या सांध्यात त्याचं मूळ शिरतं आणि आत दाढीसारखं वाढतं, त्यात सगळं अडकतं. भिंतीवर पिंपळ दिसला की समजा, तो पाइपातही असणार.

चौथी परीक्षा चेंबरची. ही सगळ्यात महत्त्वाची, कारण माणूस मारला जातो तो इथं. तळमजल्याचे संडास भरून वर येतात आणि वरचे मात्र बरे चालतात, तर अडलंय खाली. वरच्यांचं पाणी खालच्यांच्या घरात चढतंय. हा समाजशास्त्राचा धडा नाही, प्लंबिंगचा आहे. तुम्हाला दोन्ही वाटला तर माझी हरकत नाही. चेंबरचं झाकण आकड्यानं बाजूला सरकवा. वर वाकू नका. बिडी, काडी जवळ नको, आतला गॅस पेट घेतो. झाकण उघडं ठेवून लांब उभे राहा, हवा खेळू द्या. आजूबाजूला पोरं येऊ देऊ नका. मग टॉर्च मारून लांबून बघा.

चेंबर कोरडं आहे आणि संडास भरलाय, तर अडलंय संडास आणि चेंबरच्या मधे. चेंबर भरलंय, तर अडलंय त्याच्या पुढं. पुढचं चेंबर उघडा. पहिलं भरलेलं, दुसरं रिकामं, म्हणजे चोर या दोघांच्या मधल्या पाइपात. रिकाम्या चेंबरच्या काठावर उभं राहून, बांबूची खपाटी किंवा जोडाचे रॉड उलट्या दिशेनं आत सारायचे. अडलेलं सुटलं की पाणी अंगावर यायला नको म्हणून बाजूला उभं राहायचं. सगळीच चेंबरं भरलेली असतील तर दोष रस्त्यातल्या मेन लाइनीत. तिथं आपला हात लावायचा नाही. १९१६ नंबरला म्युनिसिपालिटीत तक्रार करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. माझगाव ई वॉर्डात येतं. जेट मारणारी आणि ओढून घेणारी गाडी मागवा. आवारातली लाइन मालकाची किंवा सोसायटीची, रस्त्यातली म्युनिसिपालिटीची, हे पाठ करा. नाहीतर मालक म्हाडाकडं बोट दाखवतो, म्हाडा म्युनिसिपालिटीकडं, म्युनिसिपालिटी भाडेकरूकडं, आणि तोवर घाण तुमच्या उंबऱ्यावर.

आणि काहीच अडलेलं नाही, तरी रोज तुंबतं, तर उतार बघा. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. चाळीतली दहा बाय बाराची खोली सेल्फ कंटेन करायची म्हणून लोक ओटा बांधून वर भांडं बसवतात आणि पाइप दोन कोपरे वळवून सपाट नेतात. पाणी पुढं पळतं, मैला मागं राहतो. तो संडास जन्मभर रडणार. तिथं पंपही नको, माणूसही नको, पाइप पुन्हा टाका.

एक बाटलीबद्दल सांगायचं राहिलं. संडास तुंबला की लोक पहिल्यांदा ॲसिड ओततात. ॲसिडनं क्षार जातो, पिवळा डाग जातो. फडकं जात नाही, पॅड जात नाही, प्लॅस्टिक जात नाही. ते ॲसिड तुंबलेल्या ट्रॅपात तसंच उभं राहतं, बिडाचा पाइप खात बसतं. वर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन सुटतो, त्यानं फुप्फुसं जळतात. आणि ॲसिड ओतणारा दार लावून ऑफिसला जातो. नंतर त्या पाण्यात हात घालतो तो ओतणारा नसतो. त्याला कुणी सांगतही नाही की आत काय ओतलंय.

आता इथलीच एक गोष्ट सांगतो. चाळीचं नाव सांगत नाही. तीन मजली, प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामायिक संडास. तळमजल्याचे संडास आठवडाभर भरलेले. चाळीच्या कमिटीवरच्या एका गृहस्थांनी माझ्या दोस्ताला निरोप धाडला, 'दोन पोरं पाठव, चेंबरात उतरायचंय. हजार रुपये आणि बाटलीचे वेगळे.' दोस्त गोदीत माझ्याबरोबर काम करतो. त्याचा आणि चेंबरचा काय संबंध? त्यानं विचारलंच. गृहस्थ म्हणाले, 'नाही, म्हटलं तुमच्यातला कुणीतरी असेल.'

तुमच्यातला. हा शब्द नीट ऐका. त्यात शिवी नाही, राग नाही. गृहस्थ सज्जन आहेत, आमच्याशी 'अहोजाहो' बोलतात. जातपात मानत नाही म्हणतात. फक्त संडास तुंबला की त्यांच्या डोक्यातली डायरी आपोआप त्याच पानावर उघडते.

आम्ही चौघं गेलो. उतरलो नाही. झाकणं उघडून ठेवली, अर्धा तास थांबलो. पहिलं चेंबर तोंडापर्यंत, दुसरं कोरडं. दुसऱ्यातून रॉड घातले. दोन तासांनी सुटलं. बाहेर काय आलं? सिमेंटची अर्धी गोणी, कपचीसारखा प्लॅस्टर, विटांचे तुकडे. वरच्या मजल्यावर एका खोलीचं काम चाललं होतं, त्यांनी सगळा राबिट संडासात लोटला होता. आठवडाभर त्या चाळीत कुणीही दुसरं झाकण उघडून बघितलं नव्हतं. उघडलं असतं तर कळलं असतं की उतरायची गरजच नाही. आम्हाला चहा आला, कागदी कपात. हल्ली सगळ्यांनाच कागदी कपात देतात, त्यामुळं काही कळायला मार्ग नाही.

हे सगळं माझगावात आजचं नाही. आपल्या बिल्डिंगींच्या मागं घरगल्ल्या आहेत, दोन भिंतींमधली हातदोन हातांची फट. आज त्यात कचरा असतो, उंदीर असतात आणि सगळे मैल्याचे पाइप असतात. ती गल्ली पाइपांसाठी ठेवलेली नव्हती. पाइप यायच्या आधी तिथून टोपली घेऊन माणूस जायचा. मागच्या दारानं यायचा, मागच्या दारानं जायचा, पुढच्या रस्त्याला दिसायचा नाही. नंतर पाइप आले आणि त्याच वाटेनं चढवले. म्हणजे या शहराचा नकाशासुद्धा आपल्या माणसाला लपवायला काढलाय.

१८८८ च्या मुंबई म्युनिसिपालिटीच्या कायद्यात एका कराचं नाव होतं हलालखोर कर. घरचा संडास साफ करून मिळतो म्हणून घरमालकानं भरायचा. पुढं नाव बदललं, मलनिःसारण झालं. शब्द मोठा झाला, माणूस तिथंच राहिला. १८९६ ला प्लेग आला, तो गोदीजवळच्या मांडवीत पहिल्यांदा दिसला. मग सरकारला घाण दिसली. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याच्या बी.आय.टी. चाळी आजही माझगावात, परळात उभ्या आहेत. परळच्या तसल्याच चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. नळ सामायिक, संडास सामायिक. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस सकाळी त्याच व्हरांड्यातून जायचा. म्हणून बाबासाहेबांना कुणी सांगायला नको होतं की सफाईचं काम पवित्र आहे. गांधी त्या कामाला सेवा म्हणत राहिले. बाबासाहेबांनी विचारलं की हे काम एवढं थोर आहे तर ते एकाच जातीच्या वाट्याला का. आणि नुसतं विचारून थांबले नाहीत, १९३५ साली म्युनिसिपालिटीच्या कामगारांचा संघ उभा केला.

आता कायदा. १९९३ ला एक झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा झाला. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख लक्षात ठेवायला आपल्याला डायरी लागत नाही. त्या दिवशी आपण चैत्यभूमीवर रांगेत असतो. कायदा म्हणतो की संरक्षणाची साधनं न देता कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. सरकारनं उतरवलं तरी, कंत्राटदारानं उतरवलं तरी, आणि चाळ कमिटीच्या सज्जन गृहस्थांनी उतरवलं तरी. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्याच मुंबईत, गोवंडीच्या एका खाजगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तिघं मेले. त्यांच्या बायकांना हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा २०२१ मध्ये दहा लाखांचा हुकूम निघाला. मेलेल्याची किंमत वाढत गेली. जिवंत माणसाचा भाव मात्र अजून हजार रुपये आणि बाटलीचे वेगळे.

बाटली का देतात ठाऊक आहे? शुद्धीत कुणी उतरणार नाही म्हणून. आणि त्या खड्ड्यात नाकच पहिल्यांदा दगा देतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. गॅस जास्त झाला की नाक मरतं आणि वासच येत नाही. माणसाला वाटतं हवा सुधारली. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, गाळ ढवळला की एकदम सुटतो. चारदोन श्वासांत खेळ खलास. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. पेपरात एकदम तीन, चार नावं येतात ती अशी. म्हणून कुणी आत पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. भाऊ असला तरी नाही. १०१ ला फोन, फायर ब्रिगेड, त्यांच्याकडं हवेचे सिलिंडर असतात.

मी गोदीतला आहे म्हणून एक तुलना करतो. जहाजाचा होल्ड बंद असला, आत भंगार लोखंड असलं, कोळसा असला, ओलं लाकूड असलं, तर तो माल आतला ऑक्सिजन खातो. उतरणारा शिडीवरच कोसळतो. जगभरच्या बंदरांत माणसं अशी मेली, तेव्हा नियम झाला की आधी हॅच उघडा, हवा खेळवा, हवा तपासा, मगच माणूस. आपल्या देशात गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा १९८६ ला झाला. गोदीतही नियम रोज मोडतात, मला शिकवू नका. पण तिथं नियम मोडला असं तरी म्हणता येतं, युनियन काम थांबवते. चेंबरवर कोण काम थांबवतो? तिथं उतरणारा एकटा असतो, आणि त्याच्या अंगावर फक्त चड्डी असते. केरळच्या पोरांनी गटार साफ करणारं यंत्र बनवलं, बँडिकूट नावाचं, २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला कामाला लावलं. म्हणजे यंत्र होत नाही असं नाही. माणूस स्वस्त आहे तोवर यंत्र महाग वाटतं.

आता शेवटचं, आणि हे टाळ्यांचं नाही. सवर्णांच्या घरचा 'कुणीतरी' आपण ओळखला. आपल्या घरचा 'कुणीतरी' कोण आहे? मोर्च्यातून घोषणा देऊन घसा बसलेला पोरगा घरी येतो. संडास कोण घासतं? आई. आई थकली की बहीण. बायको आली की बायको. हातात बाबासाहेबांचं पुस्तक आणि संडासाचा ब्रश मात्र आयुष्यात धरलेला नाही, असा कार्यकर्ता मला सांगू नका. जी घाण आपली, ती दुसऱ्यानं काढायची, एवढीच जातीची मूळ व्याख्या आहे. ती घरात चालत असेल तर रस्त्यावर मोडायची भाषा कशाला?

तर करायचं काय? मोठं काही सांगत नाही. प्रत्येक वस्तीत आपल्या मंडळाकडं एक संच ठेवा. रबरी पंप, स्प्रिंगची तार, जोडाचे रॉड, झाकण उचलायचा आकडा, कोपरापर्यंतचे रबरी मोजे, टॉर्च. वर्गणीतून होतो. मघाशी सांगितलेल्या चार परीक्षा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रत्येक सामायिक संडासाच्या भिंतीला चिकटवा. खाली लिहा, 'चेंबरात माणूस उतरवणं गुन्हा आहे,' आणि १९१६ नंबर टाका. आपल्या चाळीतली चेंबरं किती, कुठून कुठं जातात, याचा नकाशा काढा. एका रविवारचं काम आहे. कुणी माणूस उतरवताना दिसला तर आधी काम थांबवा, मग पोलीस. उतरणाऱ्याशी भांडू नका, त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत हे कमिटीकडून वसूल करा. त्याचं पोट हे त्याला आत ढकलणारं पहिलं कारण आहे, आणि आपण त्याच्या पोटावर पाय देऊन त्याचा जीव वाचवला म्हणणार असू तर आपणही त्या गृहस्थांसारखेच सज्जन.

आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, 'तुमच्यातला कुणीतरी पाठव,' तर नाही म्हणू नका. जा. चौघं जा. झाकण उघडा, त्या गृहस्थांना शेजारी उभं करा, एक रॉड त्यांच्या हातात द्या. म्हणावं, काका, धरा. तुमचाच आहे.

जयभीम.